दाईच्या हातातला कंदील

संगमनेरच्या त्या बिडी कारखान्यात साराबाई पाटोळे हिच्या सुपात संध्याकाळपर्यंत सातशे बिड्या जमायच्या आणि त्यांतली एकही तिने वळलेली नसायची.

आधी प्रयत्न केला होता बिचारीने. नवरा दानीएल, दवाखान्यातला कंपाउंडर, छातीच्या दुखण्याने गेला. माहेर देवळाली प्रवऱ्याला, पण तिथे भावाच्याच घरी खाणारी तोंडं सहा. मग शेजारची बनुबाई तिला हाताला धरून कारखान्यात घेऊन आली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. इतर बायकांची बोटं विणल्यासारखी चालायची. साराबाईचं पान फाटायचं, दोरा सुटायचा. चेकर सहादेव संध्याकाळी येऊन बिडीचं टोक चिमटीत दाबून बघायचा आणि तिचं निम्मं सूप बाजूला सारायचा.

चौथ्या दिवशी बनुबाई म्हणाली, "सारा, तुझी बोटं काय या कामाची न्हाईत बाय. तू सात बुकं शिकलेली, मिशनच्या शाळंतली. तू आमाला वाचून दाखव. आमी एकेक जुडी तुझ्या सुपात टाकू."

पंचवीस बिड्यांची एक जुडी. खोलीत बायका अठ्ठावीस. हिशेब बसला. तेव्हापासून साराबाई भिंतीला टेकून, सगळ्यांकडे तोंड करून बसायची आणि वाचायची. सहादेवाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण वाचन चालू असलं की बायका भांडत नाहीत आणि पाण्याला उठत नाहीत, हे पाहून तो गप्प बसला.

बहात्तर सालच्या पावसाळ्यात, म्हणजे जो आलाच नाही त्या पावसाळ्यात, तिला वाचनालयाच्या रद्दीत एक जाडजूड कादंबरी मिळाली. पुट्ठा नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नाही. बायका तिला 'दाईचं पुस्तक' म्हणत. एका जहागीरदाराच्या घरात चाळीस वर्षं राबलेली म्हातारी दाई त्या घराची हकीकत सांगते, असं ते पुस्तक होतं. घरातली पोरकी पुतणी, तिच्यावर जळणारी चुलती, आणि सगळ्यांची उष्टी काढत सगळं बघणारी ही दाई. "मी पामर काय बोलणार," असं दर दोन पानांनी म्हणायची. बायकांना ती फार आवडली. आपल्यातलीच वाटली.

सर्वांत जास्त जीव लावला तो गोजरने. गोजर तेवीस-चोवीस वर्षांची, साराबाईच्या अगदी उजव्या हाताला बसायची. कारखान्यातली सगळ्यांत चपळ बोटं तिची. बिड्या वळताना ती हाताकडे बघायचीच नाही. नजर सगळा वेळ साराबाईच्या तोंडावर, जणू शब्द बाहेर येताना पकडायचे आहेत.

"अगं, बाईंच्या तोंडात काय गूळ हाय का?" दगडाबाई चिडवायची. दगडाबाई पाथर्डीकडची, जीभ सुरीसारखी आणि मन पाण्यासारखं.

"गूळच हाय," गोजर म्हणायची. "बाई, वाचा हो. त्या पोरीचं लगीन मोडतंय का काय?"

आता बनुबाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. साठी उलटली होती तिची. डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं आणि बोटांना मुंग्या यायच्या. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण साराबाई सगळ्यांकडे तोंड करून बसलेली. पुस्तकातून मान वर करून बायकांची तोंडं बघायची तिला सवय होती. कोण रडतंय, कोण हसतंय, ते बघूनच ती आवाज चढवायची-उतरवायची. तिला दिसलं, बनुबाईच्या बिड्यांत तंबाखू नीट भरली जात नाही. आणि अशा पोकळ बिड्यांच्या जुड्या बनुबाई साराबाईच्या सुपात टाकते. एक नाही, दिवसाला दोन-दोन. स्वतःच्या सुपातला खराब माल तेवढाच कमी.

साराबाई काही बोलली नाही. जिच्यामुळे चूल पेटते, तिला काय बोलायचं?

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सहादेवाने साराबाईचं सूप तपासलं. दाबली की बिडी चपटी. दुसरी चपटी. पाचवी चपटी.

"ह्या कोणाच्या?"

सहादेवाची नजर फिरत फिरत गोजरवर थांबली. साराबाईच्या सर्वांत जवळ तीच. "तुझं हातावर ध्यान असतं का कधी? तोंड वर करून गोष्टी ऐकत्येस. आणि वाचवलेली तंबाखू कुठं जाती? नवऱ्याच्या चंचीत?"

"न्हाई हो! माझ्या न्हाईत ह्या. देवाशप्पथ." गोजर म्हणाली. "बाईंना इचारा. बाई समद्यांकडं बघत असत्यात."

सहादेव साराबाईकडे वळला. "बोला. तुमच्या सुपात कोण काय टाकतं, तुम्हाला दिसत असेल. न्हाईतर हे वाचनच बंद करू आपण."

बनुबाई खाली मान घालून दोरा गुंडाळत होती. दोरा आधीच गुंडाळलेला होता. साराबाईने ते पाहिलं. मग ती म्हणाली, "मी वाचत होते. माझे डोळे पुस्तकात होते."

गोजरला दुसऱ्या दिवसापासून काम नव्हतं. ती आणि तिचा नवरा जवळच्या अकोले गावाच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला लागले, खडी फोडायला.

साराबाईने स्वतःची समजूत घातली. गोजर तरुण आहे, कुठेही हातपाय हलवील; बनुबाईला काढलं तर म्हातारी जाईल कुठे? यात खोटं काहीच नव्हतं. फक्त सहादेवाची वाचन बंद करण्याची धमकी ती या हिशेबात धरत नव्हती.

पुस्तक पुढे चाललं. उजव्या हाताची जागा रिकामी राहिली. तिथे कोणी सरकून बसलं नाही. आणि माघ महिन्यात ते पान आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी कोणीतरी पुतणीला धान्याच्या कोठीत कोंडलं आणि सकाळी घरभर ओरड झाली की पोरगी पळून गेली. साराबाईने वाचलं: 'त्या समयी मी हाती कंदील घेऊन त्याची वात सारखी करीत उभी होते. म्हणून कोठीची कडी कोणी लावली, ते मला दिसले नाही.'

"थांब," दगडाबाई म्हणाली. "पुन्यांदा वाच."

साराबाईने पुन्हा वाचलं.

"दिवा हातात हुता आन् दिसलं न्हाई? समद्या घरात उजेड हिच्याच हातात, आन् हीच म्हनती दिसलं न्हाई! खोटं बोलती रांड."

"असू दे गं," कोणीतरी म्हणालं, "गरिबाची बाई. मालकिणीचं नाव घेऊन राहील कुठं?"

"मग घिऊ नको नाव! पन त्या पोरीला पळपुटी म्हनू नको. जाऊन कडी काढायची गुपचूप. तिला कळतंय आत कोन हाय. इतकी पानं आपल्याला गोड बोलून सांगत्येय, आपन तिचं खरं मानलं. आता मागचं समदं परत तपासाया पायजे. अजून काय काय दिसलं न्हाई हिला?"

बायका हसल्या. बनुबाई हसली नाही. साराबाईने पुस्तक मिटलं आणि घसा दुखतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक वेडेपणा केला. पुस्तक उघडलं आणि छापलेलं न वाचता मनाचं सांगू लागली. दाई भर चौकात उभी राहते. कंदील वर धरते. म्हणते, मी पाहिलं आहे, कडी कोणी लावली ते मला ठाऊक आहे. साराबाईचा आवाज चढला. बायकांचे हात थांबले. दाईने कडी काढली, पोर बाहेर आली, दाईच्या गळ्यात पडली.

"सारा," दगडाबाई हळूच म्हणाली, "तू पान उलटलं न्हाईस."

"काय?"

"मला वाचता न्हाई येत, पन बघता येतं. लई येळ झाला, तू पान उलटलं न्हाईस. ह्ये पुस्तकात न्हाई. तू का बनवून सांगत्येस?"

अठ्ठावीसातली एक गेली होती. सत्तावीस तोंडं तिच्याकडे वळली. आजवर ही माणसं तिच्या शब्दावर रडली होती, हसली होती. तिने वाचलं ते छापलेलंच आहे, हे त्या धरून चालल्या होत्या. ताडून बघायला त्यांच्यापाशी दुसरं काय होतं?

"गोजरने केलं नव्हतं," साराबाई म्हणाली. "मला माहीत होतं. मी वाचत नव्हते त्या वेळी. मी बघत होते."

"मग कुनी?"

तेवढ्यात बनुबाईने आपलं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. "माझ्या हातच्या हुत्या त्या," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई आता. सारानं माझ्यापायी तोंड शिवलं." चाचपडत तिने चपला शोधल्या. कोणी अडवलं नाही. एकदोघींनी अडवायला पाहिजे होतं, असं नंतर सगळ्याच म्हणाल्या. त्या दिवसानंतर म्हातारी कारखान्यात आली नाही.

साराबाईने जाऊन सांगितलं, तेव्हा सहादेव म्हणाला, "आता तीन महिन्यांनी सांगताय? बरं, बोलवा गोजरला. तिच्यासारखी बोटं मलाही मिळंनात."

रविवारी उपासना संपताच साराबाई चर्चमधून तशीच निघाली. अकोल्याच्या रस्त्याला खडीचे ढीग आणि त्यांच्या कडेने फडक्यांचे आडोसे. एका आडोशात गोजर बसली होती. उन्हाने इतकी काळवंडली होती की साराबाईने तिला आवाजावरून ओळखलं.

"बाई? तुमी? या, सावलीत या."

साराबाईने उभ्याउभ्याच सांगितलं. चेकर बोलावतोय, तुझ्यावरचा आळ गेला, उद्यापासून ये. गोजर ऐकत होती, पूर्वीसारखीच, नजर तोंडावर. मग तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींवर चिंधी. चिंधीच्या आत काही फार उरलेलं नव्हतं.

"पौषात झालं. हातोडा निसटला. आता सुपावर बसून काय करू बाई?"

साराबाई तिच्यासमोर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"रडू नगा," गोजर म्हणाली. "मला ठावं हुतं तुमाला दिसलंय. मी तर तुमच्याकडंच बघत हुते की. तुमची नजर पुस्तकात नव्हती. बनुबाईच्या हातावर हुती. मला वाटलं, आता बाई सांगत्याल. मग तुमी म्हनला, वाचत हुते. त्या दिसापास्नं मला वाटतंय, त्या दाईनं तरी समदं खरं सांगितलं आसंल का?"

"नाही सांगितलं."

"मंग त्या पोरीचं काय झालं?"

"ठाऊक नाही. पुढचं मी वाचलंच नाही."

रस्त्यावर मुकादमाची शिट्टी झाली. पाण्याची सुट्टी संपत होती. गोजरने डाव्या हाताने टोपलं ओढलं, पण उठली नाही.

"वाचलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या ते. त्या दिसाचंच सांगा. तुमी काय काय बघितलं ते. माझ्यासमोर अजून कुनी सांगितलं न्हाई."

"आता? तुला कामावर—"

"मी ऐकतीया. सांगा."

साराबाईच्या हातात पुस्तक नव्हतं, नजर ठेवायला जागाच नव्हती. ती त्या चिंधीकडे बघत म्हणाली, "मी भिंतीला टेकून बसले होते. तू माझ्या उजव्या हाताला होतीस..."