आरशावर वाफ धरली नाही

नमस्कार. इथले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर येलदरीचं. बाबा धरणात मासे धरायचे. आमच्या वस्तीत अमावस्येला कुणी जाळं टाकत नाही आणि त्यावरून बाबांशी वाद घालणारी घरात मी एकटीच. "शिकलेली हाय माय माझी, तिला सगळं ठाव हाय," असं म्हणून ते हसायचे… आणि अमावस्येला घरीच बसायचे.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. परभणीला दातांच्या डॉक्टरकीला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. दातांच्या डॉक्टरकडे लांब दांड्याचा छोटा गोल आरसा असतो ना, तो तोंडात घातला की पेशंटच्या श्वासाने त्यावर वाफ धरते. थंडीत तर लगेच. मग काही दिसत नाही. म्हणून आरसा आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यायचा, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. मला ती सवय काही केल्या लागत नव्हती. मी वाफ धरली की गॉजने पुसायचे आणि पुढे बघायचे. यावरून सर मला सगळ्यांसमोर बोलायचे.

हे सर आम्हाला रोग टाळण्याचा विषय शिकवतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं — "रोग झाल्यावर कुणीही बघेल. तुम्ही व्हायच्या आधी बघायला शिका. आधी दिसलं तर माणूस वाचतो." मी ते वाक्य अगदी मनापासून मानायचे.

गेल्याच्या गेल्या थंडीत आमचं तपासणी शिबिर चुडाव्याजवळच्या एका गावात होतं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळचा गारठा, गरम पाण्याची सोय नाही. प्रत्येक पेशंटला वेगळा, उकळून आणलेला आरसा. (हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर कुणी म्हणेल आरशातच काहीतरी होतं.) प्रत्येक तोंडात वाफ, आणि प्रत्येक वेळी माझं पुसणं चालू.

एक गृहस्थ बसले. पन्नाशीचे असतील. त्यांना सगळे माधवराव म्हणत होते. खिशातली पुडी बायकोच्या हातात देऊन ते खुर्चीत बसले तशी ती म्हणाली, "बाई, चांगलं बघा. दात कमी अन् गुटखा जास्त हाय तोंडात."

"डॉक्टरीणबाई, हिचं ऐकू नका. हिचंच तोंड तपासा, दिवसभर बंद न्हाई," माधवराव म्हणाले. सगळी रांग हसली.

त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. चांगला रुपयाएवढा. तो मला इतका स्पष्ट दिसला, कारण… आरसा स्वच्छ होता. एकदाही पुसावा लागला नाही. मला तेव्हा बरंच वाटलं. मदतीला सायली उभी होती, माझी मैत्रीण. मी तिला म्हटलं, "बघ, यांच्या तोंडात वाफच धरत नाही." ती म्हणाली, "नाकाने श्वास घेत असतील." विषय संपला.

चट्टा तपासायला त्यांना कॉलेजात यायला सांगितलं. ते आले नाहीत म्हणून सरांनी मला फोन करायला लावला. फोन बायकोने उचलला. मी म्हटलं, माधवरावांना पाठवा, उशीर करू नका. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "ते तर त्याच दिवशी गेले बाई. संध्याकाळी जेवायला बसले अन् ताटावरच आडवे झाले."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, आरशाचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. हार्ट अटॅक कुणालाही येतो.

त्याच थंडीत पुढे परीक्षेआधी करायच्या केसेसपैकी माझी हिरड्यांची एक केस पूर्ण व्हायची राहिली होती. ठरलेला पेशंट आला नाही. असं झालं की आमच्यात मुलं सरळ गावाकडे फोन लावतात. कुणाची आई येते, कुणाचा मामा. अर्ध्या वर्गाच्या नातेवाइकांचे दात आम्हीच साफ केलेत. मी बाबांना बोलावलं.

ते सकाळच्या एसटीने आले. हातात डबा, डब्यात तळलेले मासे, "तुझ्या मैत्रिणींना दे." खुर्चीत बसण्याआधी त्यांनी चपला काढून बाजूला नीट लावल्या. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, "एवढी भारी खुर्ची हाय, मळंल की."

मी आरसा आत घातला. नेहमीसारखा थंडच. आणि वाफ धरली नाही.

खालचे दात बघितले, वरचे बघितले. काच लख्ख. माधवरावांच्या गालातला चट्टा एकदम डोळ्यापुढे आला… माझा हात थांबला.

"काय बघायलीस एवढं? मासा घावला का काय आत?"

"बाबा, तोंडाने श्वास सोडा. जोरात."

त्यांनी 'हा' केलं. माझ्या ग्लोव्हजवर ऊब लागली, हे मला पक्कं आठवतं. श्वास गरम होता. आरशावर काही नाही. सायली हळूच म्हणाली, "नाकाने…" म्हणून मी त्यांचं नाक चिमटीत धरलं आणि पुन्हा 'हा' करायला लावलं. काही नाही.

"आता जीव घेतीस का बाई?" बाबा हसत म्हणाले.

मी मास्क खाली करून तोच आरसा स्वतःच्या तोंडासमोर धरला. तो क्षणात धुरकट झाला. सायलीनेही ते बघितलं.

तेवढ्यात सर मागून आले, आरशाकडे बघून म्हणाले, "आज आरसा कोमट करून घेतलेला दिसतो. शाब्बास." मी मान हलवली.

दात कसेबसे साफ केले. बाबांना सांगितलं की बीपीचा संशय आहे, आणि त्यांना सायलीच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, ईसीजी काढला, रक्त घेतलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा दणकट आहेत हे." बाबांनी ते वाक्य लगेच फोन करून आईला सांगितलं.

त्या रात्री मी त्यांना सायलीच्या घरी ठेवून घेतलं. सकाळी ते ऐकेनात. धरणात जाळं लावून ठेवलं होतं. बसस्टँडवर मी त्यांचा हात धरून ठेवला. माझ्या मनात धरणाच्या पाण्याचीच भीती होती. त्यांच्या कामात दुसरं काय होणार?

"बाबा, मी सांगेपर्यंत पाण्यात जायचं नाही."

"अगं, मग जाळं कोण काढंल?"

"कुणालाही सांगा. माझी शपथ आहे."

"मी अमावस्या पाळतो तर हसतीस, अन् तुझं हे काय नवीन?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं माय. तू म्हणशील तवर न्हाई जात."

त्यांनी शब्द पाळला. पाण्याकडे गेलेच नाहीत. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात उन्हाला बसून फाटलेलं जाळं सांधत होते. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते खांबाला टेकलेले होते. जाळं मांडीवर, सुई बोटांत. तिला वाटलं डुलकी लागली.

मी पोचले तेव्हा त्यांना खाली निजवलं होतं. ओठ थोडे उघडे होते. आई त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, "दात कसे चमकायलेत बघ. तूच केलीस ना? हसल्यावानी दिसायलेत."

याचं स्पष्टीकरण मी खूप शोधलं. खोलीतली हवा, काचेवरचा लेप, तोंडाचा कोरडेपणा… सरांनाही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दोन घटनांवरून काही सिद्ध होत नाही." ते बरोबरच आहे. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण मी स्वतः बाबांचं नाक धरलं होतं हो.

तेव्हापासून मी आरसा कोमट पाण्यात बुडवल्याशिवाय कुणाच्या तोंडात घालत नाही. शिबिराला जाताना थर्मास बरोबर नेते. मग कुणाच्याच तोंडात वाफ धरत नाही. सगळे आरसे सारखेच लख्ख, आणि मला काही कळायची सोयच उरत नाही. सर ज्युनियर मुलांना माझं उदाहरण देतात.

कळलं असतं तरी काय केलं असतं, हा प्रश्न मला सुटलेला नाही. बाबांच्या वेळी मला आधी दिसलं होतं.

आता पुन्हा थंडी पडलीय. आईची दाढ दुखतेय. इतर कुणाकडे जायला ती तयार नाही, "तूच बघ" म्हणते. सोमवारी येणार आहे.

पाणी मी आधीच कोमट करून ठेवीन. निदान आज तरी तसं ठरवलंय.