सुरतेत साडेअकराच वाजत राहिले

दगडूआप्पा गेल्याचं त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा मी पहिलं काय केलं, तर कार्ड उलटसुलट करून ते किती वाजता गेले हे शोधलं. अशा वेळी असलं काही बघू नये खरं... पण ही खोड आप्पांनीच लावलेली.

सत्तर सालच्या आसपास सुरतेच्या एका कापड गिरणीत मी आप्पांच्या हाताखाली टेलिप्रिंटरवर होतो. इथे बटणं दाबली की मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या यंत्रावर तीच अक्षरं खडखडत कागदावर उमटायची. दर अर्ध्या तासाला खबर द्यायची : किती वाजले, बॉयलर चालू की बंद, माग किती चालू. आप्पा मूळचे खानदेशातले विणकर. खबरीआधी स्वतः खात्यांमधून फेरी मारून येत आणि मगच घड्याळाकडे बघत वेळ टाइप करत. "आकडा जिना चढेपर्यंत शिळा होतो," म्हणायचे. मला हा सगळा अडाणीपणा वाटे. मी मॅट्रिक! त्यात सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेलो आणि कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं भावी सासऱ्यांनी बजावलेलं. म्हणजे अक्कल दाखवायची घाई होतीच.

एकदा आप्पा त्यांच्या सासूबाईंना आणायला स्टेशनवर गेले. मी साडेअकराची खबर छिद्रांच्या कागदी पट्टीवर उतरवली, पट्टीची दोन्ही टोकं डिंकानं चिकटवली आणि ती माळ यंत्रात अडकवली, म्हणजे ती फिरत राहील आणि तीच खबर आपोआप जात राहील. अर्ध्या तासाला कशाला, आता मुंबईला सतत खबर! स्वतःवर खूश होऊन मी लोचो, म्हणजे सुरतेचा मऊ वाफाळता ढोकळा, खायला गेलो. दोन प्लेटी खाल्ल्या. पट्टीला घड्याळ कळत नाही, हे एकाही प्लेटीत सुचलं नाही.

परत येतो तो आप्पा यंत्रापाशी, कमरेवर हात ठेवून. "काय करी ऱ्हायना रे भाऊ तू?" कागदावर मुंबईच्या शेठचा प्रश्न उमटलेला : सुरतेत साडेअकराच किती वेळ वाजणार आहेत? 'बॉयलर चालू' तिकडे पन्नासदा तरी पोचलं होतं आणि इकडे बॉयलर बाराच्या सुमाराला बंद पडून रंगखातं थंडावलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर नोकरी आणि सासरे एकाच दारातून बाहेर पडले.

"आप्पा, यंत्र बिघडलं होतं असं कळवू या?"

"यंत्रनी तुनं काय बिघाडं रे? जा, पहिले खाले जाईसन देखी ये."

धावत खाली गेलो, सगळं बघून आलो आणि मोडक्या इंग्रजीत टाइप केलं : 'साडेअकरानंतर मी पाहिलंच नाही. चूक माझी. आता एक वाजून दहा मिनिटं. बॉयलर बंद. रंगखातं बंद. माग चालू. स्वतः पाहिलं.' खाली माझं नाव. मग खडखड झाली : 'ठीक. दीडची खबर तूच दे.'

पुढे कायम झालो. लग्नात मुहूर्ताची घटका आप्पांनी स्वतःच्या मनगटावर तपासली, तेव्हा कुठे भटजींना अंतरपाट काढू दिला.

आता बायको बाहेरच्या खोलीतून विचारते, "दूध बघितलं का हो?" पूर्वी मी पेपरातून डोकं न काढता "हो" म्हणायचो. ते कार्ड आल्यापासून उठतो, ओट्यापाशी जातो, पातेल्यात डोकावतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो... आणि मगच हो म्हणतो.