पुतळ्याला अग्नी दिलेला चांगदेव

चांगदेव नाक्ती कशाकशाला घाबरतो ते सांगायला बसलं तर चहा दोनदा गार होईल. कुत्र्याला घाबरतो, पाण्याला घाबरतो, तहसील कचेरीतल्या शिपायाला तर फारच घाबरतो. बोर्ली पंचतनला त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिन असं उघडेल की बघत राहावं, पण गाडी चालवून बघायची वेळ आली की गिऱ्हाइकालाच बसवतो. देवळात नारळ वाढवायचा असला की हा चपला शोधायला बाहेर. नारळ त्याची बायको कल्पिता वाढवते, एका फटक्यात. आणि दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट सुटते ना, त्या बोटीत हा गडी एक्कावन्न वर्षांत चढला नव्हता. मुरुडला मावसबहिणीचं लग्न होतं. सगळे बोटीनं गेले, आणि हा म्हसळा, माणगाव, रोहा असा एसटीनं आतड्यासारखा वळसा घालून पोचला, तोवर पंगती उठलेल्या. बिचाऱ्यानं नुसता मठ्ठा पिऊन आहेर केला.

हसा, हसा. पण भीती त्याला अकराव्या वर्षी लागली आणि ती लावणारी मोठी माणसंच होती.

त्याचा धाकटा काका भागोजी. चांगदेव जन्मायच्या आधीच समुद्रात गेलेला. मोठ्या भावाला, म्हणजे चांगदेवाच्या वडलांना न विचारता त्यांची नवी होडी घेऊन गेला. चार दिवसांनी होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणूस काही लागला नाही. बारा वर्षं वाट बघायची रीत, ती सगळ्यांनी पाळली. मग भटजींनी दर्भाचा पुतळा केला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. अग्नी भावानं द्यायचा, पण भाऊ वाळूत बसला तो उठेना. म्हणून कोलीत दिलं चांगदेवाच्या हातात. सगळं नीट चाललं होतं, आणि आगीत तो नारळ फुटला. फाट्टकन! पोरगं जे पळालं ते थेट घरात, धान्याच्या कणगीमागं. तीन दिवस ताप.

तेराव्याला जेवायला बुधाजी आला. गावातला मस्करीखोर. त्यानं भाताचा घास मोडता मोडता पोराला विचारलं, "काय रं, काका मेला व्हता ना नक्की? न्हायतर जित्याला अग्नी दिलास. असा मानूस परत आला ना, तर ज्यानं अग्नी दिला त्यालाच न्हेतो."

पंगत हसली. चांगदेव हसला नाही. तेव्हापासून हा बुधाजी दिसला की एकच विचारतो, "काय चांग्या, आला काय काका न्यायला?" चाळीस वर्षं झाली. बुधाजीचे दात गेले, मस्करी गेली नाही.

तर गेल्या जूनमधली गोष्ट. चांगदेवाच्या मुलीला, जागृतीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. पण जातीच्या दाखल्याला रक्ताच्या नात्यातली जुनी लेखी नोंद पाहिजे. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र चांगदेवानं घाम पुसत पुसत करून दिलेलं: आजोबा धर्माजी, मयत. वडील, मयत. काका भागोजी, मयत. आता पुरावा आणायचा कुठून? आजोबा, वडील दोघेही शाळेची पायरी चढले नव्हते. शिकलेला एकटा भागोजी. आजोबा खाडीपलीकडे काशीदच्या बाजूला एका नारळाच्या वाडीत राखणीला होते, तेव्हा तिथल्या शाळेत चार यत्ता.

"पप्पा, शाळेचं रजिस्टर बघायला जायचं. उद्याच," जागृती म्हणाली. "आणि बोटीनं जायचं. कागद शनिवारपर्यंत द्यायचेत."

"माणगाववरून पहाटे निघालो तर..."

"बोटीनं, पप्पा!"

बोटीत चांगदेव मधोमध, खांबाला मिठी मारून, डोळे मिटून. बाजूच्या बाईनं जागृतीला विचारलं, "आजारी हायत काय गं?" ती म्हणाली, "हो, जन्मापासून." पण त्याच्या मनात काय चाललंय हे पोरीला कुठून कळणार? खाली पाणी होतं आणि पाण्यात काका होता. ज्याला त्यानं जाळलं होतं, तो. बोटीच्या बुडाशी काही थाडकन आपटलं की चांगदेवाला वाटे, दार वाजवतोय.

शाळेतल्या बाई भल्या होत्या. कपाटातून रजिस्टर काढलं, वाळवी झटकली, आणि बोट फिरवत फिरवत थांबल्या. "हे बघा. भागोजी धर्माजी नाक्ती. एकोणीसशे एक्कावन्न. जातसुद्धा लिवलीय."

जागृतीनं टाळ्याच पिटल्या. चांगदेवानंही पहिल्यांदा श्वास सोडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि दुसरे नाक्ती पण तुमच्यातलेच ना? त्यांचा पण उतारा न्या." दुसरं रजिस्टर त्यांनी उघडून ठेवलं.

प्रणय भागोजी नाक्ती. जन्म एकोणीसशे पंच्याऐंशी. मूळ गाव तेच. आजोबांच्या नावापर्यंत सगळं तेच.

चांगदेवानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पुतळा जाळला चौऱ्याऐंशीत. "जागू, मेल्यावर पोरगा झाला गं त्याला."

"पप्पा, मेलेल्यांना पोरं होत न्हायत."

"भागोजीआजा ना?" बाई आपल्या सहज बोलून गेल्या. "सकाळीच शहाळी ठेवून गेले की शाळेत. शेवटची वाडी त्यांचीच. पोरगा मुंबईला असतो."

खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर चांगदेव जमिनीवर बसला असता. पाणी दिलं ते शर्टावर सांडलं. "चल, कागद मिळाला, घरी चल. बोटीनं पण येतो मी," तो म्हणाला. म्हणजे बघा, किती घाबरला असेल!

पण पोरगी आईवर गेलेली. "चाळीस वर्षं तुम्ही एक नारळ वाढवला न्हाय. आज सोक्षमोक्ष करून टाका," म्हणाली, आणि हाताला धरून ओढत निघाली. वाटेवर दोन्ही बाजूंना माड, आणि माडावरून एखादी झावळी गळली की चांगदेव उडे. मला न्यायला आला तर पोरीनं एकटीनं बोट कशी पकडायची, हाच त्याचा विचार. खिशातली दुकानाची चावी काढून त्यानं तिच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"असू दे."

वाडीत एक म्हातारा पहारीवर नारळ सोलत होता. वाळका, काळा, गुडघ्यावर पंचा. चांगदेवानं तोंड बघितलंच नाही. आधी पाय बघितले. भुतासारखे उलटे नव्हते, पुढंच होते. मग तोंड बघितलं, आणि ते त्याच्या वडलांचं होतं, फक्त जास्त म्हातारं.

"कोन पायजे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

जागृतीच बोलली, "आम्ही दिघीकडचे. नाक्ती. हे धर्माजींचे नातू, चांगदेव."

म्हाताऱ्याच्या हातातला नारळ सुटला. तो एकदम मागं सरला, थेट माडाच्या आड, आणि तिथून ओरडला, "पुढं येव नको! तितंच ऱ्हा! अग्नी तूच दिलास ना?"

आता सांगा, कोण कुणाला घाबरलं? दोघांच्या मधे वीस पावलं, एक माडाआड, एक वाटेवर, आणि मधे एक पोरगी हातात दुकानाची चावी घेऊन उभी.

"मीच दिला," चांगदेव कसाबसा म्हणाला. "काका, मला न्यायला... मी लहान होतो काका. मला म्हायती नव्हतं."

"मी कशाला न्हेतोय रं तुला? तुला काय होव नये म्हनून तर आलो न्हाय!"

मग माडाआडूनच सगळं बाहेर आलं. होडी बुडाली, दुसऱ्या बोटीनं उचललं. पण भावाची नवी होडी बुडवली, आता कुठल्या तोंडानं घरी जायचं? बारा वर्षं उरणला मिठागरात काढली. शेवटी धीर करून दिघीला उतरला, तर धक्क्यावर चहावाला सांगतोय, काल भागोजीचा पुतळा जाळला. बारकं पोर हाय अग्नी देनारं, तापानं फणफणलंय. "असा मानूस परत आला तर अग्नी देनाऱ्यालाच न्हेतो म्हनत्यात. मला वाटलं, मी गावात पाय टाकला आन पोर गेलं तर? तसाच परत फिरलो. लहान व्हतो तवाची ही वाडी ठावकी व्हती. हितं ऱ्हायलो."

"म्हंजे... माझ्यासाठी?"

"मग कोनासाठी? तुला कदी बगितला पन नव्हता मी."

चांगदेव वीस पावलं चालून गेला. सोपी नव्हती ती. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला आणि एका बोटानं त्याच्या दंडाला शिवून बघितलं. दोघं थांबले. काहीच झालं नाही. वरून एक कावळा ओरडला तेवढा, आणि दोघंही दचकले.

"भाऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गेले. सहा वर्षं झाली."

म्हातारा खाली बसला आणि सोललेल्या नारळांत बराच वेळ बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "घर तरी बगू दे."

दुपारच्या बोटीत एकाच खांबाला दोन नाक्ती, दोघांचे डोळे मिटलेले. जागृती लांबच्या बाकावर जाऊन बसली, ओळख नसल्यासारखी. मधेच चांगदेवानं डोळे न उघडताच विचारलं, "जागू, प्रतिज्ञापत्रात मयत लिवलंय गं काकाला. पकडतील काय मला?"

"नवीन करू, पप्पा."

"शिपाई विचारील..."

दिघीच्या धक्क्यावर बुधाजी होता. असणारच. वय ब्याऐंशी, रोज दुपारी बाकावर बशीतून चहा. चांगदेवाला बोटीतून उतरताना बघून त्याचे डोळे चमकले.

"आरं तिच्यायला, चांग्या बोटीतनं? काय रं, आला काय काका न्यायला?"

"आला ना," चांगदेव म्हणाला, आणि बाजूला सरला.

मागून भागोजी उतरला. कडक उन्हात, पांढरा पंचा, खांद्यावर नारळाचं गाठोडं. "काय बुध्या, वळखलास काय?"

बशी फुटली. बुधाजी ब्याऐंशीव्या वर्षी असा उठला आणि असा पळाला की धक्क्यावरची कुत्री त्याच्या मागं लागली. त्याची एक चप्पल अजून चांगदेवाच्या दुकानात आहे. न्यायला या म्हणून तीनदा निरोप धाडला, पण बुधाजी काही येत नाही.