सुटणारं घर

"सुटंल ना?"

नवं घर उभं राहिलं की लोक दारं बघतात, कौलं बघतात. पोशेरा गावचे आमचे म्हातारे सुतारबाबा मेढीवर, म्हणजे घराच्या लाकडी खांबावर, बोटाचं पेर वाजवायचे आणि एवढंच विचारायचे. घर बांधून झालं त्याच दिवशी ते सोडवायची चौकशी करणारा सुतार मी दुसरा पाहिला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर सांगा.

नव्वदच्या दशकात मी जव्हारला घरकुलांच्या कामावर ओव्हरसियर होतो. सगळ्या पाड्यांना मिळून माझ्याकडे एकच नकाशा. बाबांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"सायेब, पोराचं लगीन झालं मंग सून कुठं निजंल?"

"नकाशात तेवढीच जागा आहे, बाबा."

"मंग तू पोरांची लग्नं बंद कर."

आधी 'सायेब' आणि लगेच 'तू'. तिकडे सगळ्यांनाच तू म्हणतात. मला ते फार आवडायचं.

त्यांचं स्वतःचं घर पाच खणांचं. मेढींच्या दोन जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण. घरात लग्न झालं की खण वाढवायचा. मुलगा वेगळा निघाला की त्याचा खण सोडवून बैलगाडीत घालून द्यायचा. लोखंड कुठेच नाही, खाचेत खाच आणि वर लाकडी खुंटी. कारवीचा कूड आणि शेणमातीचं लिंपण काय, नव्या जागी नवं होतं. आढ्याचा आणि मेढींचा साग मात्र पिढ्यान्‌पिढ्या फिरायचा.

एका पावसाळ्यात वाऱ्यानं ते घर करकरायला लागलं. बाबा तेव्हा बहिणीकडे गेले होते. माझ्यातला इंजिनियर जागा झाला. त्यांच्या थोरल्या मुलाला पटवून मी आढ्याच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या मारल्या, चांगल्या चार-चार इंची खिळ्यांनी. परत आल्यावर बाबांनी वर पाहिलं आणि एकेक खिळा मोजला.

"मायेनं ठोकलंस," म्हणाले. "पन ठोकलंस."

पुढे धाकट्याला साखरशेतच्या शाळेत नोकरी लागली. वाटणी सोपी होती. थोरल्याला तीन खण, धाकट्याला दोन, एक त्याच्या संसाराला आणि एक बाबांना. बाबांना धाकट्याकडेच राहायचं होतं. थोरली सून कशी का असेना, धाकटीच्या हातची नाचणीची भाकरी त्यांना सोडवत नव्हती.

घर सोडवायला घेतलं. एरवी एका सकाळीत होणाऱ्या कामाला माझ्या खिळ्यांपायी तीन दिवस लागले. शेवटचा खिळा उपसताना आढ्याचा एक तुकडा उभा चिरला. तो बाबांच्या खणाचा होता. मला मान वर करवेना.

"सागाचं आढं मी आणून देतो, बाबा," मी म्हणालो.

"दे की. तवर ओटी हाय."

साखरशेतला एकच खण उभा राहिला. आढ्याच्या मोकळ्या टोकाची खाच बाबांनी पुन्हा तासली, तेलाचा बोळा कोंबला आणि वर लाकडाचं झाकण बसवलं. पुढचा खण इथून वाढणार होता.

मग माझी बदली झाली. आज पाठवू, उद्या पाठवू करत दोन वर्षं गेली. जवळचा शिरपामाळ दाखवायला पाहुणे घेऊन आलो की वाकडी वाट करून भेटायचो. बाबा ओटीवर बसलेले असायचे. आढ्याचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. त्याची मला जास्त लाज वाटायची.

अखेर साग मिळाला. टेम्पोत घालून मी साखरशेतला पोचलो, तर ओटी रिकामी होती. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

आढं परत न्यायचं म्हणालो तर धाकटा ऐकेना. "बाबांचा खण हाय, होऊं दे," म्हणाला. त्यानं झाकण काढलं. आतली खाच कालच तासल्यासारखी होती. नवं आढं लाकडी मोगरीच्या तीन ठोक्यांत बसलं. वर खुंटी मारली.

मी मेढीवर बोटाचं पेर वाजवलं.

"सुटंल ना?" माझ्याच तोंडून निघालं.

धाकट्यानं खुंटीकडे पाहिलं. "सुटंल," म्हणाला, आणि आत जाऊन बाबांची घोंगडी नव्या खणात टाकून आला.