दीड मनाचा सिद्धान्त

माणसांकडून काम कसं करून घ्यावं, हे अख्ख्या वसई तालुक्यात एकालाच कळत होतं, आणि त्या गृहस्थाने स्वतः कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. हा माझा कॉलेजातला वर्गबंधू. स्वराज्य नुकतंच आलं होतं, जो तो देश उभारायला निघाला होता. याने ‘श्रमिक-मानस’ नावाचं त्रैमासिक काढलं. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेलं, आणि विद्यार्थ्यांनीच न वाचलेलं. संपादक तो, मी सहसंपादक, म्हणजे सायक्लोस्टाइलचं चाक फिरवणारा. घरी केळीची वाडी होती, पण वाडीतल्या बोलीचा त्याला विटाळ. कोणी ‘पानी’ म्हटलं की तहान विसरून आधी त्याचा ‘ण’ दुरुस्त करायचा. एकदा भाकरी थापण्यातल्या अनावश्यक हालचाली मोजायला घड्याळ घेऊन चुलीपाशी बसला. आईने उलथनं उगारलं. पुढच्या अंकात लेख आला, ‘श्रमिकांचा प्रतिकार : एक निरीक्षण’.

मग स्वारी मिठागरावर. मी सायकल हाणतोय, हा मागे प्रश्नावली धरून. मीठ वाहणाऱ्या एका बाईला बांधावर अडवून विचारलं, “बाई, कामाचा मनावर किती भार पडतो?”

टोपली न उतरवताच ती म्हणाली, “डोईवर दीड मन र्‍हातं, दादा. मान मोडते. एकच मन करा, येवढं लिवा.”

मण म्हणजे चाळीस शेर; तिच्या डोक्यावर साठ शेर मीठ होतं. पण जन्मभर दुसऱ्यांचा ‘न’ सुधारणारा हा शहाणा नेमका तिथेच फसला. “पाहिलंस?” मला म्हणतो, “डोई म्हणजे मस्तक, त्यात दीड मन! श्रमिक दुभंगलेला आहे. त्याला एकाग्रता हवी आहे!” मला सगळं कळलं होतं. पण गंमत वाटली, आणि मी मेला गप्प बसलो.

लेख गाजला. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. मिठागराच्या मालकाने तर ‘मजुरांच्या मनाचा विचार करणारा तरुण’ म्हणून हार घातला. तेव्हा मात्र मला राहवेना. मी खरं सांगून टाकलं. तो चिडला नाही. “म्हणजे ती वजन कमी करा म्हणत होती?” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिठागरावर जाऊन त्याने तीच टोपली डोक्यावर घेतली. दहा पावलांत मटकन खाली बसला.

पुढचा अंक एका पानाचा निघाला. ‘मागील लेख चुकीचा आहे. बायांच्या डोक्यावर दीड मण मीठ असते. ते एक मण करावे.’ प्राध्यापक म्हणाले, याला संशोधन म्हणत नाहीत. हा ते पान घेऊन बांधावर गेला आणि त्या बाईला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं.

“बरं लिवलंस, दादा,” ती म्हणाली, “पन मालक वाचतो का?”

तिने टोपली उचलली; ती डोक्यावर चढवायला त्याने हात लावला. आयुष्यभर मी त्याची टर उडवली, पण खरं सांगतो, त्या घडीला मला तो फार जवळचा वाटला.