ती गाठ नव्हतीच

"पिशवी काढून टाका," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. मी पडद्यामागे साडी सावरत होते. वय एकतीस, पदरी एक मुलगी. जळगावच्या त्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ आहे असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी अमळनेरच्या शाळेत गणित शिकवायचे. पाळीच्या दिवसांत फळ्याशी उभं राहवत नसे. घरी येऊन पोट धरून पडायचे, तेव्हा सासूबाई शेजारणीला ऐकवायच्या, "हिनं बठ्ठं नाटक शे." म्हणजे हिचं सगळं नाटक आहे. नवरा पेपरातून डोकं वर काढत नसे. डॉक्टरच बोलले म्हटल्यावर दोघांनी ऑपरेशनचा दिवस ठरवून टाकला आणि मला नुसतं कळवलं.

मी नाही म्हणाले. दोघांनी माझ्याशी अबोला धरला. शेवटी माझी थोरली बहीण, अक्का, येऊन मला एस्टीने धुळ्याला घेऊन गेली. नवराही आला, तोंड फुगवून. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफीचं नवं मशीन होतं.

भरपूर पाणी पिऊन, लघवी दाबून बाकावर बसावं लागतं. नंतर आतूनही तपासणी झाली. लाज वाटली, दुखलंही. पण बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"गाठीला कडा दिसते. इथे कडा नाही, भिंतच जाड झालीय. हा ॲडिनोमायोसिस वाटतो," त्या म्हणाल्या. गर्भाशयाचं आतलं अस्तर भिंतीच्या मांसात शिरतं आणि पाळीत तिथेही सुजतं, रक्तस्राव होतो. कुणाचं सगळीकडे पसरलेलं असतं, कुणाचं एकाच जागी. माझं फक्त मागच्या भिंतीत होतं. म्हणून आधी हार्मोनच्या गोळ्या देऊन बघू, असं त्यांनी सुचवलं.

नवऱ्याने विचारलं, "मग पिशवी काढायची की नाही?"

"ते मी यांना विचारतेय," बाई म्हणाल्या.

मी सोनोग्राफीची फिल्म जळगावच्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवायला गेले. उजेडासमोरही न धरता ते म्हणाले, "मशीनवाले काहीही सांगतात. एक मूल झालंय ना तुम्हाला?" मी त्यांच्या हातातून फिल्म ओढून घेतली. तेवढंच जमलं.

गोळ्यांनी वजन वाढलं, चिडचिड वाढली. दुखणं मात्र निम्म्यावर आलं आणि मी वर्गात उभी राहू लागले. पुढे चाळिशीत त्रास पुन्हा वाढला, तेव्हा पिशवी काढलीच. दिवस मी ठरवला, डॉक्टरही मीच निवडले.

हे वाचणाऱ्या बायांनो, तपासल्याशिवाय कुणी कापायला निघालं तर उठून चालू लागा. तुमच्या पोटातलं चित्र आधी तुम्हाला दाखवायला सांगा.

अक्काचे आणि त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांना मी माफ केलेलं नाही. बरं व्हायला माफ करावंच लागतं असं लोक म्हणतात. मी न करताच बरी झाले.