बिलवाल्या काकांची शिट्टी

रिकाम्या बाटलीवर इतका जीव लावणारा आणि भरल्या बाटलीकडे ढुंकूनही न बघणारा माणूस नाशकात दुसरा झाला नसेल. हे आमच्या ऑफिसातले मेडिकल बिलवाले काका. ऑफिस सरकारी. औषधोपचाराचा खर्च आधी आपण करायचा आणि मग बिल लावून तो परत मिळवायचा, अशी पद्धत होती. बिलासोबत डॉक्टरांचा दाखला लागे आणि काकांच्या टेबलावर औषधाची रिकामी बाटली. पावती खोटी असू शकते, डॉक्टर भिडेखातर काहीही लिहून देऊ शकतो, पण रिकामी बाटली खोटं बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. बाटली आली की ते बूच काढून हुंगत, उजेडात धरत आणि तळाशी औषध दिसलं तर "हे संपवून या" म्हणून परत पाठवत. मग लेबलावर तांबड्या शाईची काट बसून ती कपाटात जाई. त्या कपाटाला कायम खोकल्याच्या औषधाचा वास येई. एकदा एका ओव्हरसियरची बाटली एसटीत फुटली. तो बिचारा रुमालात काचा बांधून घेऊन आला. काकांनी जेवणाची सुट्टी खर्चून त्या काचा वर्तमानपत्रावर जुळवल्या, लेबल वाचता आलं तेव्हाच बिल पास केलं आणि मग स्वतःच्या कापलेल्या बोटाला आयोडीन लावलं. त्याचं बिल मात्र त्यांनी कधी लावलं नाही. "माझं बिल मीच कसं पास करू?" असं त्यांचं म्हणणं.

टॉनिकशी त्यांचं हाडवैर होतं. टॉनिक म्हणजे अन्न आणि अन्नाचे पैसे सरकार देत नाही, हा नियम त्यांनी घरापर्यंत नेला होता. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच वर्ग: अत्यावश्यक आणि टॉनिक. बारशाला पेढा पुढे आला की "टॉनिक आहे, पण चालेल" म्हणत आणि दोन उचलत. पंचवटीतल्या बाजारात त्यांनी कोथिंबीर कायम टॉनिकात धरली. शेवटी काकू तेवढी एक जुडी आणायला स्वतः जाऊ लागल्या.

अशा माणसापुढे माझं बिल गेलं. मी टायपिस्ट. दिवसभर यंत्र बडवून माझे खांदे कानांना भिडत आणि दुपारी तीनच्या सुमाराला डोकं असं ठणके की अक्षरं दिसेनाशी होत. गोळ्यांचा उपयोग झाला नाही. ऐंशी सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांनी परदेशाहून बायोफीडबॅकचं यंत्र आणलं होतं. कपाळाला आणि खांद्यांना तारा लावायच्या. स्नायू ताठले की यंत्र शिट्टी वाजवतं, सैल सोडले की गप्प बसतं. ती शिट्टी ऐकत ऐकत सैल बसायला शिकायचं, एवढाच उपचार. मला चार बैठकांत उतार वाटला. पण पुढच्या बैठका बिल पास झालं तरच परवडणार होत्या, आणि त्या थांबल्या तर टायपिंग सोडावं लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात कमावणारी मी एकटी. मी भ्यालेच होते.

काकांनी बिल वाचून हात पुढे केला. "बाटली?"

"नाही काका. औषधच नाही."

"मग डॉक्टर करतात काय?"

"यंत्र शिट्टी वाजवतं. मी ऐकते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण शिट्टी मी कपाटात कशी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. डॉक्टरांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. यंत्र असं किंचाळलं की कंपाउंडर धावत आत आला. "एखाद्या आवडत्या गोष्टीचा विचार करा," डॉक्टर म्हणाले. काकांनी डोळे मिटले आणि वैद्यकीय खर्चाचे नियम पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली. शिट्टी उतरत उतरत बंद पडली. टॉनिकच्या नियमापाशी जराशी चढली, पुन्हा उतरली. उठताना ते एवढंच म्हणाले, "उपचार खरा आहे."

त्यांनी पानभर टिपण लिहिलं, यंत्रातून निघालेली आलेखाची पट्टी बाटलीच्या जागी टाचली आणि बिल वरच्या ऑफिसात पाठवलं. तीन महिन्यांनी ते परत आलं. नियमांच्या यादीत असा उपचार नाही, हे एकच वाक्य. काकांनी शिफारस केलेलं बिल आजवर कधी परत आलं नव्हतं. "यादीत नाही हे खरंच आहे," ते म्हणाले. "त्यांचं चुकलं नाही." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. तरी मला त्यांचा राग आला होता, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले तर काकांचं टेबल शिपायाकरवी माझ्या पाठीमागे आलेलं. मी टाइप करू लागले. थोड्या वेळाने मागून बारीक शिट्टी ऐकू आली. वळून पाहिलं तर काका फाईल वाचत होते आणि शिट्टी थांबली होती. पुन्हा टाइप, पुन्हा खांदे वर, पुन्हा शिट्टी.

"काका, हे काय?"

"यंत्र," ते मान वर न करता म्हणाले. "याला बिल लागत नाही."

निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं हे रोज चाललं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा "अत्यावश्यक आहे" असं सांगून ते परत जागेवर येऊन बसले. माझं डोकं आधी कमी दुखू लागलं, मग दुखायचं थांबलं. नोकरी टिकली.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी पंचवटीत त्यांच्या घरी गेले. झोपेतच गेले होते. "घरात औषधाची एक बाटली निघाली नाही हो," काकू म्हणाल्या. मी सतरंजीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की माझे खांदे कानांना भिडले आहेत. मी ते तसेच ठेवले आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग माझे मीच खाली घेतले.